रिसालवाडीची बेचाळिसावी हजेरी

प्रथम तारखा, मग जबाबदार व्यक्ती, मग प्रवास. न्यायालयातील नोकरीत मी हाच क्रम शिकलो आणि तो मोडण्याचे मला कारण दिसत नाही.

२७ जुलै १८८०. मैवंदच्या माळावर एका अफगाण शहजाद्याने भर दुपारी इंग्रजांची ब्रिगेड मोडली.

इ. स. १९१४. तोच शहजादा इंग्रजांचा पेन्शनर म्हणून लाहोरात वारला.

यंदाच्या मार्चचा पहिला सोमवार. रिसालवाडीच्या स्वारांच्या नावांचा दगड उभारणाऱ्या स्मारक समितीकडे माझा पहिला अर्ज: त्या दगडावर माझ्या पणजोबाचेही नाव असावे. एप्रिल आणि मे. दोन स्मरणपत्रे, दोन्ही रजिस्टर्ड, दोन्ही पोहोचल्याच्या पावत्या माझ्याकडे.

जूनचा शेवटचा शुक्रवार. समितीचे उत्तर. मजकूर दोन ओळींचा: आपण म्हणता त्या व्यक्तीची कोठेही नोंद नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

२७ जुलै, यंदा, दुपारी बारा ते साडेबारा. जे घडले त्याचा मी साक्षीदार आहे.

जबाबदार व्यक्ती चार. एक, समितीचे अध्यक्ष, ज्यांनी चौकशी न करता सही केली. दोन, सचिव, ज्यांनी चौकशी न करण्याचा सल्ला दिला. तीन, त्या स्वारांच्या नायकाचे, म्हणजे रिसालदाराचे, चिरंजीव, जे मरून दोन पिढ्या झाल्या आणि म्हणून ज्यांना मी नोटीस पाठवू शकत नाही. चार, मी स्वतः. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत मी हा विषय ठाऊक असून गप्प बसलो.

किल्लारी, २४ जुलै

लातूरहून सकाळच्या एस. टी.ने निघालो. बॅगेत कोरे कागद, कार्बन, अंगठे घेण्यासाठी शाईचे पॅड आणि दोन पांढरे शर्ट. औसा मागे पडेपर्यंत शाईचे पॅड फुटून एक शर्ट जांभळा झालेला होता.

किल्लारीत माझी धाकटी बहीण सुमन राहते. भूकंपानंतर नवे गाव वसले, रस्ते सरळ झाले, घरे एकसारखी झाली. जुन्या गावठाणाकडे ती अजूनही पाठ करूनच बसते. तिने माझा शर्ट पाहिला, त्यावर लिंबू चोळले आणि भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा वाढला.

"दादा, अर्ज लिहून लिहून बोटं झिजवून राहिला तू," ती म्हणाली. "त्या दगडावर नाव आलं तर काय पणजा उठून बसणार हाय?"

"बसणार नाही. पण दगड खोटा बोलणार असेल तर मी बसू देणार नाही."

"तुझं आपलं कोरटातलं बोलणं."

पण गोष्ट तिनेच पुन्हा सांगितली, कारण ती बाबांनी तिला सांगितली होती. मला त्यांनी कधी सांगितली नाही; मी नोकरीत आहे, लिहून ठेवीन, अशी त्यांना भीती होती. सुमनने सांगितले ते असे.

शहजादा हरला तेव्हा त्याच्या फौजेतले एकेचाळीस स्वार घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर मुंबईमार्गे निजामाच्या मुलखात आले आणि आताच्या भोकर तालुक्यात राहिले. त्यांच्या वस्तीला लोक रिसालवाडी म्हणू लागले. मालक पुढेमागे पुन्हा बोलावील अशी त्यांच्या रिसालदाराला आशा होती. म्हणून तो दरसाल लढाईच्या दिवशी, लढाईच्या वेळी, स्वारांची हजेरी घेई आणि किती माणसे हजर आहेत हे एका चिठ्ठीत लिहून पाठवी. ती चिठ्ठी आमचा पणजोबा भिवा पायी हैदराबादेस नेई. तिथला एक घोड्यांचा व्यापारी ती पुढे लाहोरला पाठवी. भिवा रिसालवाडीचा येसकर होता, वेस राखणारा आणि निरोप नेणारा. आम्ही तेव्हा महार. बौद्ध झालो ते बाबांच्या पिढीत, छप्पन सालानंतर.

एका वर्षी व्यापाऱ्याने चिठ्ठी परत केली. म्हणाला, घेणारा वारला.

भिवाने ते फक्त रिसालदाराला सांगितले.  रिसालदार म्हणाला, रिसाला कोणाचा तरी असावा लागतो, नाहीतर ही नुसती म्हाताऱ्यांची वस्ती आहे. तू कोणाला सांगू नको. आणि त्यानंतर दरसाल हजेरी झाली, चिठ्ठी लिहिली गेली, भिवा ती घेऊन निघाला आणि जायला-यायला जितके दिवस लागत तितके दिवस बाहेर काढून परत आला. मेलेल्या माणसाची डाक त्याने अशी मरेपर्यंत नेली. बदल्यात रिसालदाराने शब्द दिला: एकेचाळीस नावांनंतर तुझे नाव मी घेत जाईन.

"आणि घेतलं?" मी विचारले, जरी उत्तर मला ठाऊक होते.

"तो जित्ता होता तवर. मग पोरगा बसला गादीवर. त्याला लाज वाटली असंल. येसकराचं नाव सवारांच्या मागं."

"पुरावा काय आहे?"

सुमनने जुन्या गावठाणाच्या दिशेने हात केला. भिवाची चामडी पिशवी बाबांनी तिच्याकडे ठेवायला दिली होती. भूकंपात ती घरासकट गाडली गेली.

"तू जाय," ती मला थांब्यापर्यंत सोडायला आल्यावर म्हणाली. "पण तिथं कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नको. बाबा म्हणायचे."

मी असल्या गोष्टी मानत नाही. बाबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि त्यातली एकही मोडली नाही. आमच्या घरी श्राद्ध नाही, पिंड नाही. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "म्या कुठं पिंड म्हणले?"

नांदेड, २५ जुलै

नांदेडला एका जुन्या वाचनालयात दिवसभर बसलो. शहजाद्याचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत सहज सापडते. मी ते इथे लिहीत नाही, कारण रिसालवाडीत ते उच्चारत नाहीत आणि तसा शब्द मी पुढे तेथे दिला. इंग्रजांचे हेर ऐकतील म्हणून रिसालदाराने ती बंदी घातली होती. हेर गेले, बंदी राहिली. तिथे सगळे त्यांना 'सरकार' म्हणतात. मीही तेच म्हणतो.

सरकार काबूलच्या अमिराचे चिरंजीव. बाप आणि भाऊ यांच्या भांडणात तरुणपणीच इराणात परागंदा झाले, परत येऊन हिरातचे सुभेदार झाले. १८८० च्या उन्हाळ्यात हिरातहून फौज घेऊन निघाले आणि मैवंदजवळ इंग्रजांना असा मार दिला की त्याची चर्चा विलायतेत झाली. त्या इंग्रजी ब्रिगेडमध्ये मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, म्हणजे आपल्या बाजूची माणसेही त्या माळावर पडली. त्यांची हजेरी कोण घेते, हे कोणत्याच ग्रंथात नाही. पाच आठवड्यांनी कंदाहारपाशी सरकारांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी त्यांनी कंदाहार घेतले आणि चुलतभावाने ते हिसकावले. मग इराण. शेवटी स्वतःहून इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि उरलेले आयुष्य रावळपिंडीत व लाहोरात, पहाऱ्यात आणि पेन्शनीवर काढले. ज्या इंग्रजांना हरवले त्यांचेच अन्न. मला या माणसाचा राग येत नाही. विजयाचा एक दिवस आणि त्यानंतर चौतीस वर्षे वाट पाहणे, हे आयुष्य कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

एका पुस्तकात त्यांचे छायाचित्र होते. खुर्चीत बसलेले, दाढी, हातात काठी. छायाचित्रात माणसे समोर पाहतात. हे गृहस्थ मान थोडी वळवून बाजूला ऐकल्यासारखे बसले होते. मी ते पान दोनदा उघडले. दुसऱ्यांदा उघडले नसते तर बरे झाले असते, कारण मान पहिल्यापेक्षा जास्त वळलेली वाटली. चष्म्याचा नंबर वाढला आहे; लातूरला परतल्यावर तपासून घेतला.

नांदेड जिल्ह्यात कंधार नावाचे गाव आहेच, तेव्हा कंदाहारचे लोक इकडे येणारच, असे बसमधल्या एका सहप्रवाशाने मला समजावले होते. नावे सारखी असणे हा पुरावा नव्हे. संध्याकाळी गुरुद्वाऱ्याच्या वाटेवरच्या खाणावळीत तहारी खाल्ली. भात सुटा, मसाला नेमका, तक्रारीला जागा नव्हती.

अर्धापूर, २६ जुलै

भिवा ते खोटे दिवस कोठे काढत असे, हे शोधायला अर्धापूरला गेलो. आमचे दूरचे नाते तिथे होते, एवढाच धागा. पावसाने आठवडाभर ओढ दिली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा उभ्या होत्या आणि एक पानही हलत नव्हते. तेव्हा तेथे केळी होती की नाही, मला माहीत नाही.

एका बागेच्या मालकाने, माधवराव नावाच्या शेतकऱ्याने, मला उसाच्या रसाऐवजी केळी खायला दिली आणि शेतांची नावे सांगितली. चिंचेचं, विहिरीचं, खारं. चौथे नाव ऐकून मी केळे खाली ठेवले.

"थांब्याचं शेत? तिथून बस जाते का?"

"बस कुठली? आज्याच्या वक्तापासून तेच नाव हाय. कोण थांबत होतं, का थांबत होतं, कुणाला ठाऊक न्हाई."

त्याने मला तेथे नेले. बागेत शिरताच बाहेरचा उजेड संपतो. हिरवा अंधार आणि ओल. मी थांबलो की मागे कोणी तरी दोन पावले जास्त टाकून मग थांबते आहे, असे वाटत राहिले. मी माधवरावाला विचारले. तो पुढे चालत होता, वळला नाही.

"वाळली पानं हायत ती काका. गडी लोक म्हणतात, जुलैत लई वाजतात. आम्ही ह्या दिवसांत इथं पाणी द्यायला जोडीनं पाठवतो माणसं."

शेतमालकाचा जबाब म्हणून मी त्याची सही घेतली. पानांबद्दल काही लिहिले नाही.

रिसालवाडी, २७ जुलै

भोकरफाट्यावरून जीप मिळाली. चालकाने रिसालवाडीच्या अलीकडेच, दोन शेते आधी उतरवले. "पुढं आज गाडी नेत न्हाई काका. तुम्ही चालत जा, बांधाबांधानं."

"का नेत नाही?"

"तिथं आज माणसं मोजतात."

सोयाबीन गुडघ्याला आले होते. गाव लहान, पाऊणशे उंबऱ्यांचे. कबरस्तान गावाच्या वर माळावर, कबरी ओळीने, घोडदळ उभे राहते तशा. उताराच्या टोकाला एक दगडी बांध आणि बांधाच्या पलीकडे, कबरस्तानाच्या बाहेर, एक अनघड दगड उभा. मी तेथेच थांबलो. तो कोणाचा, हे सांगणारे कोणी नव्हते आणि सांगण्याची गरजही नव्हती.

हजेरी घेण्याचा मान आता दिलावर खाँ यांच्याकडे आहे. वय माझ्याएवढेच, निवृत्त शिक्षक, पाठ ताठ. त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळे बिबीआपा म्हणतात. समितीला इतकी पत्रे लिहिणारा माणूस म्हणून माझी कीर्ती माझ्याआधी पोहोचली होती.

"या वकीलसाब," खाँसाहेब म्हणाले. "पाणी घ्या. मग भांडा."

"मी वकील नाही. न्यायालयात अधीक्षक होतो."

"म्हणजे वकिलांशी भांडणारे. अजून वाईट."

मी हजेरीचे पुस्तक पाहण्यास मागितले. त्यांनी ते रेशमी फडक्यातून काढले. मूळ पुस्तक, आणि ते जीर्ण झाले तेव्हा उतरवलेली दोन. डावीकडे नावे, पुढे दरसालच्या हजेरीची एकेक खूण. स्वार मेला की त्याचा मुलगा, मुलगा मेला की नातू किंवा नात त्या नावाला 'हाजिर' म्हणते. एकेचाळीस नावे. एकेचाळीसच्या खाली एक ओळ कोरी. तिन्ही पुस्तकांत कोरी, तिन्ही पुस्तकांत तेवढीच जागा सोडलेली.

कोरी, परंतु तिच्यापुढे खुणा होत्या.

मी बोटाने ओळ धरून पाहिली. १९१८च्या तापाच्या साथीत वरच्या बहुतेक नावांपुढे जागा रिकामी होती. दुष्काळात गाव निम्मे उठले त्या वर्षीही रिकामी. खालच्या कोऱ्या ओळीपुढे १९१५ पासून प्रत्येक वर्षी खूण होती. एकदाही गैरहजर नाही.

"ही ओळ कोणाची?" मी विचारले.

"सरकारांची," खाँसाहेब म्हणाले. आवाज आपोआप खाली आला होता. "एकेचाळीस नावं झाली की आम्ही थांबतो. सरकार हाजिरी देतात. त्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून लिहायचं पण नसतं. समितीला आम्ही हेच सांगितलं. दगडावर बेचाळिसावं नाव सरकारांचं येणार आहे. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहिलं जाईल."

तेव्हा मला कळले की माझे भांडण कोणाशी आहे. या गावाजवळ जमीन थोडी, पाणी त्याहून थोडे. त्यांच्याजवळ आहे तो एक शहजादा, जो वर्षातून एकदा त्यांच्यापाशी येतो. मी तो काढून घ्यायला आलो होतो.

तरीही मी सांगितले. सुमनने सांगितलेले सर्व, क्रमाने. खाँसाहेबांनी मध्ये अडवले नाही. संपल्यावर म्हणाले, "तुमच्या घराण्यात सांगतात. आमच्या घराण्यात दुसरं सांगतात. पुरावा?"

"एकच मुद्दा ऐका. हजेरी कोणासाठी घेत होते?"

"सरकारांसाठी."

"मग ज्याला हजेरी कळवायची, तो स्वतः हजेरी देईल का? तुम्ही शाळेत होतात. हेडमास्तर पटावर 'हजर' म्हणतो का?"

 बिबीआपा सुपारी कातरत होत्या. त्यांचे हात थांबले.

बारा वाजता लोक माळावर जमले. कबरींच्या मध्ये एक लिंब आहे. त्याच्याभोवती सगळे रिंगण करून, तोंडे आत करून उभे राहिले. बायका आणि पुरुष, हातात हात न घेता. मी रिंगणातच, बिबीआपांच्या समोर. मी रिंगणातली माणसे मोजली आणि माळावर आणखी कोणी नाही याची चहूकडे पाहून खात्री केली. सोयाबीनच्या वर उन्हाची वाफ हलत होती, बाकी काही हलत नव्हते. लिंबावर बसलेल्या होल्यांचा घुमण्याचा आवाज येत होता, तो पहिल्या नावाबरोबर बंद झाला.

न्यायालयात शिपाई दाराबाहेर येऊन नाव तीनदा पुकारतो. तीनदा उत्तर आले नाही तर माणूस गैरहजर, आणि निकाल एकतर्फी. तो पुकारा मी हजारो वेळा ऐकला असेल. इथला वेगळा होता. खाँसाहेब नाव एकदाच घेत, न ओरडता, शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलवावे तसे. आणि लगेच कोठून तरी उत्तर येई, "हाजिर." एक म्हातारा पाच नावांना बोलला. एका तरुण बाईने तीन नावांना उत्तर दिले, तिन्ही वेळा थोड्या वेगळ्या आवाजात.

एकेचाळीस. खाँसाहेबांनी बोट पुढच्या ओळीवर ठेवले आणि ते थांबले.

किती वेळ, सांगता येत नाही. घड्याळाकडे पाहायचे मी ठरवले होते आणि पाहिले नाही. माझ्या पाठीवर गार ओल आली, केळीच्या बागेतल्यासारखी. मग माझ्या मागून, खांद्याच्या उंचीवरून, चालून आलेल्या माणसाच्या धापेसह, एक शब्द आला.

"हाव."

खाँसाहेबांनी खूण केली. पुस्तक मिटले. होले पुन्हा घुमू लागले.

मी वळून पाहिले. बांध, बांधापलीकडचा दगड, त्यापुढे शेत. पिकात वाट पडलेली नव्हती.

 मी जागीच पंचनामा केला. कागद शाईने डागळले होते, तरी चालवून घेतले. पाच पंच घेतले आणि प्रत्येकाला इतरांपासून दूर नेऊन एकच प्रश्न विचारला: आवाज कोठून आला? पहिला म्हणाला, माझ्या मागून. दुसरा म्हणाला, माझ्या मागून. रिंगणात समोरासमोर उभी असलेली पाचही माणसे म्हणाली, माझ्या मागून, अगदी जवळून.

पाचवा पंच जरा घुटमळला. "काका, राग नका धरू. आवाज तुमच्यावानी होता."

हा जबाब माझ्या विरुद्ध जातो. म्हणूनच तो पूर्ण लिहून घेतला. माझे ओठ मिटलेले होते काय, हे बिबीआपांना विचारले. त्या पूर्ण वेळ माझ्याकडेच पाहत होत्या.

"मिटलेले होते," त्या म्हणाल्या. "दात आवळले होते याने. मला वाटलं, याला मिरगी येते."

मग मी खाँसाहेबांसमोर बसलो. "एकेचाळीस जण 'हाजिर' म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. हा 'हाव' म्हणाला, आपल्या इकडचा 'हो'. हिरातचा सुभेदार, अमिराचा मुलगा, 'हाव' म्हणतो का?"

"शंभर वर्षं इथंच आहेत," खाँसाहेब म्हणाले. "शिकले असतील."

कोणी हसले नाही. तेही हसले नाहीत.

बिबीआपा उठल्या आणि माळाच्या उताराकडे पाहत राहिल्या. "मला लहानपणापासून एक कळत नव्हतं, दिलावर. शहजादा येतो, तर धापा टाकत का येतो? त्याला तर घोडा होता."

खाँसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडून पेन घेऊन पंचनाम्यावर पहिली सही केली. उर्दूत, आणि खाली मराठीत.

"पुस्तकात मी नाव लिहू शकत नाही," ते म्हणाले. "ते गावानं ठरवायचं. गावाला आज मी काय सांगू? तुमचा शहजादा कधी आलाच नव्हता म्हणून?"

"ते कामगिरीवरच्या माणसाला दरसाल परत येताना ऐकतात, हे सांगा."

"तुम्हाला सोपं आहे वकीलसाब. तुमचं माणूस तुम्हाला मिळालं."

मी पंचनाम्याची घडी घातली. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडले नाही. खिचडी, खट्टा आणि तळलेला पापड. पंगतीत एक ताट जास्त वाढलेले होते, सरकारांचे. बिबीआपांनी ते उचलून बांधाच्या बाजूला नेऊन ठेवले आणि कोणाला काही विचारले नाही.

भोकर, २८ जुलै

पंचनाम्याची प्रत घेऊन सचिवांना भेटलो. तहसीलसमोरच्या हॉटेलात त्यांनी मला चहा पाजला. वय चाळिशीच्या आत, बोलणे गोड.

"काका, तुमच्या भावना समजतो. पण दगड कोरून झालाय."

"चूक कोरली तरी चूकच."

"लोकांना शहजादा पाहिजे. शहजाद्यासाठी बाहेरगावाहून लोक येतील, रस्ता होईल, दिवे येतील. येसकर बघायला कोण येणार? आणि एक सांगा, आवाजाचा पंचनामा कोणत्या कायद्यात बसतो?"

"ज्या कायद्यात तुम्ही त्याच आवाजावरून शहजाद्याचे नाव कोरले, त्यात."

त्यांनी चहाचे पैसे दिले आणि घड्याळ पाहिले.

दगड पाहायला पाथरवटाकडे गेलो. तो तेलंगणाच्या बाजूचा, मराठी थोडे तोडत बोलणारा. गोणपाट बाजूला करून त्याने दगड दाखवला. काळा, घोटलेला, अक्षरे सुंदर. एकेचाळीस नावे पांढऱ्या रंगाने भरलेली. बेचाळिसाव्या ओळीत अक्षरे कोरलेली होती, पण त्यांत रंग नव्हता. उन्हात ती ओळ जवळजवळ दिसतच नव्हती.

"ही का भरली नाही?"

"भरली अय्या. तीनदा भरली. सकाळी बघतो तर कोरी. रंग खराब असंल. आता दुसरा डबा मागवला."

रंग खराब असू शकतो. या मुद्द्यावर मी भर देत नाही, फक्त नोंद करतो.

त्याच दुपारी लातूरकडे निघालो. सुमनला फोन केला. तिने एवढेच विचारले, "ओ दिली का तू?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग कोण बोललं ते त्या समितीवाल्यांना सांगू दे की."

हेच मी आता जाहीरपणे मागतो आहे. माझे तीन अर्ज बंद लिफाफ्यात गेले आणि बंद लिफाफ्यात निकाली निघाले. यापुढे मी या विषयावर समितीला एकही खासगी पत्र लिहिणार नाही, आणि त्यांच्याकडून एकही स्वीकारणार नाही.

दगडाचे अनावरण रिसालवाडीच्या माळावर व्हायचे आहे. समितीच्या अध्यक्षांनी त्या दिवशी दुपारी बारा वाजता, छत्रीशिवाय, त्या रिंगणात उभे राहावे. एकेचाळीस नावे वाचावीत. मग जे नाव त्यांनी दगडावर कोरले ते, ज्याची नोंद आहे ते, ध्वनिक्षेपकावरून पुकारावे. न्यायालयाच्या रीतीप्रमाणे तीनदा. त्यानंतर ध्वनिक्षेपक बंद करून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलवावे तसे, भिवाचे नाव घ्यावे. एकदाच. आणि कोणत्या नावाला उत्तर आले, ते त्यांनी तेथल्या तेथे, जमलेल्या सर्वांसमोर, मागे वळून न पाहता सांगावे.